प्रगतिपुस्तक कोण वाचतं?

माझे वडील व्ह. फा. होते. नावापुढे ही अक्षरं लावायचा त्यांना हक्क होता आणि ते ती न चुकता लावत. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवीची सार्वजनिक परीक्षा. माण तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून अण्णा केंद्रावर चालत गेले, परीक्षा दिली, पास झाले आणि लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर म्हणून लागले. त्यांच्या बरोबरचा एक जण तलाठी झाला. जे नापास झाले ते पुन्हा मेंढरांमागे गेले. चार दिवसांच्या पेपरांत माणसाचं आयुष्य असं या किंवा त्या वाटेला लागे. म्हणून आमच्या घरात ‘फायनल’ हा शब्द जरा हळू आवाजात, आदराने उच्चारला जाई.

मी त्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून सहावी ते आठवीला गणित आणि मराठी शिकवलं. शेवटी काही वर्षं केंद्रप्रमुख होते, म्हणजे तपासणारीही झाले. 2023 साली राज्याने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली, नापास करायची मुभाही आणली, तेव्हा माझ्या ओळखीच्या शिक्षकांत दोन तट पडले. एक म्हणे, आता पोरं पुस्तक उघडतील. दुसरा म्हणे, आता पुन्हा गळती सुरू. दोघंही बोलत होते ते परीक्षा शाळेइतकीच जुनी आहे असं धरून. ती तेवढी जुनी नाही. आणि मुलांना गुण द्यायला कोणी, कशासाठी सुरुवात केली हे पाहिलं, तर माझ्या मते हा वाद पास-नापासाचा उरतच नाही.

पंतोजीच्या शाळेत वार्षिक परीक्षा नव्हती. इयत्ताही नव्हत्या. मूल वर्षाच्या मध्ये कधीही येई, धुळपाटीवर अक्षर गिरवू लागे आणि आपल्या वेगाने पुढे सरके. कोणी पावकी-निमकीत, कोणी औटकीत, कोणी मोडी पत्रं वाचण्यात. एकाच ओसरीवर प्रत्येकाचा धडा निराळा. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत. वाण्याच्या पोराला हिशेब आला आणि कुळकर्ण्याच्या पोराला खतं वाचता आली की शाळा संपली. आजचे तज्ज्ञ याला मूल-केंद्री शिक्षण म्हणून टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावं. त्या ओसरीवर मुली नव्हत्या, अस्पृश्य मुलं नव्हती, आणि पंतोजीच्या शिक्षांचे प्रकार आज लिहून दाखवले तर पोलिसात तक्रार होईल. एवढं मात्र खरं की तिथे मुलाला काय येतं हे पंतोजीला आणि बापाला ठाऊक असे, आणि तिसऱ्या कोणाला ते कळवायची गरज नसे.

विद्वत्तेला श्रेणी लावणं आपल्याला माहीत नव्हतं असं नाही. पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेसाठी शास्त्री-पंडितांची परीक्षा होई आणि योग्यतेनुसार रक्कम ठरे. पण ती प्रौढ विद्वानांची गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बेरजेवरून कोणाचे पैसे ठरावेत ही कल्पना विलायतेहून आली. 1862 साली रॉबर्ट लो याने इंग्लंडातल्या शाळांना अनुदान द्यायचा नवा नियम केला. इन्स्पेक्टर येणार, प्रत्येक मुलाचं वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या विषयाचे 2 शिलिंग 8 पेन्स शाळेच्या रकमेतून कापणार. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता; त्याने या पद्धतीला कडाडून विरोध केला. शाळा यंत्र होतील असं त्याचं म्हणणं. त्याचं कोणी ऐकलं नाही.

मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याने त्याच दशकात ही पद्धत खासगी शाळांच्या अनुदानाला लावली. किती मुलं कोणत्या इयत्तेत पास झाली त्यावर शाळेची रक्कम. आता या शाळेतल्या मास्तराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वर्गात दोन पोरं हुशार आहेत, ती पास होणारच. पाच अगदी मागे आहेत, ती काही केल्या होणार नाहीत. मधल्या काठावरच्या मुलांवर मेहनत घ्यायची आणि उरलेल्यांना विसरायचं, हाच शहाणपणा. साहेब ज्या पुस्तकातून वाचायला लावणार ते पुस्तकच पाठ करून घ्यायचं. यात मास्तर वाईट नव्हता. त्याची चूल त्या निकालावर पेटत होती. 1882 च्या हंटर आयोगापुढे या पद्धतीबद्दल तक्रारी झाल्या, तरी आयोगाने प्राथमिक शाळांपुरती ती राहू दिली. तिला सरकारनेच नावं ठेवली ती कर्झनच्या काळात, 1904 च्या शिक्षणविषयक ठरावात. तोवर मास्तरांची पिढी तिच्यात घडून गेली होती.

त्याच हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकांचा पगार, त्यांचं प्रशिक्षण, शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान, मोडी आणि बाळबोध या मागण्या आहेत, त्या आपल्याकडे पुष्कळदा सांगितल्या जातात. तपासणीबद्दल ते काय म्हणाले हे फारसं कोणी सांगत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या डिपोटीचा, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरचा, काही उपयोग होत नाही, निदान दर तीन महिन्यांनी शाळा पाहिली पाहिजे, आणि कधीतरी न कळवता पाहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी केंद्रप्रमुख झाले तेव्हा हे निवेदन पुन्हा वाचलं. सातत्यपूर्ण मूल्यमापनाचं प्रशिक्षण आम्हाला 2010 नंतर मिळालं. त्याचं निम्मं मर्म या निवेदनात आधीच होतं.

फुल्यांच्या शाळांमध्ये परीक्षा होत्या. 1852 आणि 1853 साली पुण्यात त्यांच्या मुलींच्या शाळांच्या जाहीर परीक्षा झाल्या आणि त्या पाहायला मोठी गर्दी लोटली. मुली शिकू शकत नाहीत म्हणणाऱ्या गावापुढे मुली उभ्या राहून वाचून दाखवत होत्या. ही परीक्षा कोणाला गाळण्यासाठी नव्हती, लोकांनी ऐकावं म्हणून होती. आणि त्याहूनही मोठी गोष्ट 1855 सालची. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आजच्या हिशेबाने ही आठवीतली मुलगी. तिच्या निबंधाला दहापैकी किती गुण मिळाले? हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो, कारण तिने तो वाचकांसाठी लिहिला होता. आम्ही आठवीच्या मुलांकडून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहून घेतो. तो एक माणूस वाचतो, तोही लाल पेन हातात धरून.

आता पुन्हा फायनलकडे. सरकारला गावोगाव मास्तर हवे होते, तलाठी हवे होते, कचेऱ्यांत कारकून हवे होते. मराठी शाळेच्या शेवटी एक सार्वजनिक परीक्षा ठेवली की ही माणसं निवडायची सोय होई. जुनी माणसं म्हणूनच तिला मुलकी परीक्षा म्हणत. म्हणजे सातवीचा पेपर हा मुळात नोकरभरतीचा पेपर होता, आणि जिला कधी नोकरी करायची नव्हती त्या मुलीलाही तोच सोडवावा लागे. स्वातंत्र्यानंतर तिचं नाव प्राथमिक शाळा प्रमाणपत्र परीक्षा झालं. चाळणीची भोकं तीच राहिली.

पण या चाळणीला सरसकट शिव्या द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, वशिला नाही, त्याला ही एकच शिडी होती. पालक शाळेच्या दारात उभे राहून विचारतात, “बाई, नंबर कितवा आला?” तेव्हा आमच्यातले काही शिक्षक हसतात. मी कधी हसले नाही. त्या प्रश्नामागे तीन पिढ्यांचा अनुभव आहे. भीमराव आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या परीक्षेत त्यांना 750 पैकी 282 गुण होते. आमच्या 2010 च्या श्रेणीकोष्टकात घातले तर ‘ड’ येतो. सत्कार करणाऱ्यांनी आकडा पाहिला नाही. कोणत्या चाळीतून, कोणत्या वर्गातल्या कोणत्या कोपऱ्यातून हा मुलगा इथवर आला ते पाहिलं.

शिडीची दुसरी बाजू 1929 च्या हार्टोग समितीने मोजली. हिंदुस्थानात 1922-23 साली पहिलीत असलेल्या 100 मुलांपैकी 1925-26 साली चौथीत पोहोचली होती फक्त 18. बाकीची एक तर गळाली होती किंवा त्याच वर्गात बसून होती. समितीने यावरून शाळा वाढवण्यापेक्षा दर्जा सुधारा असा निष्कर्ष काढला, आणि मला तो तेव्हाच्या सत्तेच्या सोयीचा वाटतो. आकडा मात्र खोटा नाही. अण्णा सांगत, त्यांच्या बिगरीतल्या वर्गापैकी फायनलपर्यंत पोचलेले एका बाकावर मावले असते.

या चाळणीला पहिला मोठा धक्का वर्ध्यातून बसला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तउद्योगाभोवती गुंफलेलं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि त्यात चालू परीक्षापद्धतीवर स्पष्ट शब्दांत कोरडे ओढले. सेवाग्रामला आर्यनायकम पती-पत्नींनी ते प्रत्यक्ष चालवलं. कापूस वेचण्यापासून कापडापर्यंत जाताना गणित, भूगोल, इतिहास येत जाई. विनोबांनी त्याच्याही पुढचं सांगितलं. ज्या खात्याला माणूस हवा असेल त्याने स्वतःची परीक्षा घ्यावी. शाळेने नोकरीसाठी कोणाला पास-नापास करायचं कारण नाही. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा ते कोणी मनावर घेतलं नाही.

मुंबई सरकारने मूलोद्योगी शाळा काढल्या. अण्णा पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण, करून अशा एका शाळेत गेले. त्यांच्या आठवणीतली ती शाळा मी पुष्कळदा ऐकली आहे. तकल्या फिरायच्या, पेळू संपायचे, सूत तुटायचं, पोरं हसायची. चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. हे मोजताना मुलांचे पाढे आपसूक पक्के व्हायचे, असं अण्णा म्हणत. मग वरून तक्ता आला: प्रत्येक मुलाने महिन्याला किती सूत काढलं ते भरा. त्या दिवसापासून अण्णांचा सूतकताईतला जीव गेला. सूत कमी भरलं तर साहेब विचारणार, म्हणून घरून आणलेलं सूत मोजात घालायची पोरांना अक्कल आली. वस्तू बदलली, वाचणारा तोच राहिला. लोच्या इन्स्पेक्टरने बेरजा मोजल्या, आमच्याने गुंड्या.

यानंतरची चाळीसेक वर्षं मी भराभर ओलांडते, कारण अहवाल पुष्कळ निघाले आणि वर्गात फार थोडं हललं. कोठारी आयोगाने 1966 साली सांगितलं की प्राथमिक शाळेच्या शेवटी सगळ्यांना एकच सक्तीची बाह्य परीक्षा नको, मुलाची वाढ दाखवणारी नोंदपत्रं ठेवा. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेने मात्र प्रत्येक गावात आपलं बस्तान बसवलं. शाळेची इभ्रत किती शिष्यवृत्तीधारक यावर ठरू लागली आणि निवडक आठ-दहा मुलांचे जादा तास कंदिलाच्या उजेडात चालू लागले. बाकीच्या तीस मुलांचे जादा तास कोणी घेतले नाहीत. अनुदान निकालावर नव्हतं, पण मास्तराची वागणूक 1870 सालचीच होती. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढलं, पुण्यात 1992 साली अक्षरनंदन सुरू झालं, फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन चालवलं. या शाळांनी दाखवलं की मुलांना एकमेकांशी झुंजवल्याशिवायही शिकवता येतं. आम्ही जिल्हा परिषदवाले ते पाहायला जायचो, भारावून परत यायचो आणि सोमवारी घटक चाचणी घ्यायचो.

मग आला शिक्षण हक्क कायदा. 1 एप्रिल 2010 पासून आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, बोर्डाची परीक्षा नाही, मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष. राज्याचा शासन निर्णय 20 ऑगस्ट 2010 चा. मी तो तेव्हा दोनदा वाचला आणि आजही म्हणते की तो चांगला दस्तऐवज आहे. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताना होणाऱ्या, मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, पुस्तक उघडून द्यायची चाचणी, स्वाध्याय असे मार्ग दिले. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के, पाचवी-सहावीला 50, सातवी-आठवीला 40. गुणांऐवजी ‘अ1’ पासून ‘इ2’ पर्यंत श्रेणी. आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक.

स्वतःच्या शब्दांत! दोन वर्षांत तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार नोंदींची पुस्तकं मिळू लागली. विषयवार, इयत्तावार, मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळी वाक्यं. ‘शालेय उपक्रमात हिरिरीने भाग घेतो.’ ‘परिसरातील घटकांची माहिती मिळवते.’ मोबाइल आल्यावर त्याच नोंदी ग्रुपवर फिरू लागल्या. केंद्रप्रमुख म्हणून नोंदवह्या पाहताना मला एकाच दिवशी तीन गावांतल्या तीन मुलांविषयी अक्षरशः एकच वाक्य सापडलं. शिक्षकांवर रागवायचा मला अधिकार नव्हता. चाळीस मुलं, सहा-सात विषय, दोन सत्रं, तीन रकाने. आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात खरं काही लिहिलं तर साहेबांचा पहिला प्रश्न येणार: मग तुम्ही काय केलंत? त्यामुळे तिथे ‘हस्ताक्षरात सुधारणा आवश्यक’ एवढं निरुपद्रवी वाक्य पडायचं. अवघ्या महाराष्ट्रातल्या मुलांचं हस्ताक्षर त्या काळात कागदोपत्री फार बिघडलेलं होतं.

माझ्या सातवीच्या वर्गात मी एक साधी वही चालू केली होती. शनिवारी शाळा सुटायच्या आधी मुलांनी लिहायचं: या आठवड्यात मला काय कळलं आणि कुठे अडलं. पहिले काही शनिवार सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. गुण नाहीत, वही साहेबांना दाखवायची नाही याची खात्री पटल्यावर मुलं लिहायला लागली. एका मुलीने लिहिलं की भागाकार येतो, पण दशांश चिन्ह मधेच कुठे पळतं ते कळत नाही. एकाने लिहिलं की इतिहासाच्या धड्यातला राजा कर घेतो तो आमच्यासारख्यांकडून घ्यायचा का. त्या वाक्यांनी माझा पुढचा सोमवार ठरायचा. दशांश चिन्हासाठी मी पाच रुपये तिघांत वाटायला लावले, नोटा-नाणी आणून. एका तपासणीत ती वही साहेबांच्या हाताला लागली. त्यांनी चाळली, त्यांना आवडलीही, आणि विचारलं, “याला गुण किती धरलेत?” मी म्हटलं, धरले नाहीत. “मग आकारिकमध्ये कुठे दाखवणार?” माणूस भला होता. त्याला पुढे आपला तक्ता भरायचा होता.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. मीही गेले होते. फरशीवर आखलेले खेळ सगळ्यांनी टिपून घेतले. मला त्याहून मोलाचं वाटलं ते अधिकाऱ्याचं वर्गात मुलांमध्ये बसणं. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला, पायाभूत चाचण्या आल्या, गुण ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर भरायचे झाले. गावोगाव फरशा रंगल्या. फरशी रंगवून घेता येते, अधिकाऱ्याचं बसणं आदेशाने येत नाही. गुण ऑनलाइन भरायला रात्री रेंज शोधत टेकाडावर गेलेले मास्तर मी पाहिले आहेत.

2019 साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला परीक्षेची वाट मोकळी झाली आणि पुढे राज्याने ती घेतली. ढकलगाडी थांबली म्हणून अनेकांना आनंद झाला. ढकलगाडी ही अर्धवट तक्रार आहे, असं माझं मत. मूल पुढच्या वर्गात गेल्याने बिघडलं नाही. त्याला काय येत नाही हे सहावीच्या बाईंना ठाऊक असूनही कागदावर ‘ब2’ लिहावं लागलं, आणि सातवीच्या गुरुजींनी तो कागद खरा धरला, त्याने बिघडलं. नापासाचा शिक्का परत आल्याने तो कागद आपोआप खरा होणार नाही. फार तर काठावरच्या मुलांचे जादा तास पुन्हा सुरू होतील.

आता नव्या शैक्षणिक धोरणातून समग्र प्रगती पत्रक आलं आहे. सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठीच्या पत्रकात मुलाने स्वतःबद्दल लिहायची जागा आहे, वर्गमित्राने लिहायची आहे, पालकांनी लिहायची आहे. दीडशे वर्षांत पहिल्यांदा सरकारी कागदावर मुलाला लिहायला जागा मिळाली. तयार उत्तरांची पुस्तकं यायला वेळ लागणार नाही. छापणारे आपल्या आधी शासन निर्णय वाचतात.

म्हणून तपासणीला जाणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विनंती आहे. शाळेत गेल्यावर नोंदवही शेवटी मागा. आधी सहावी-सातवीतल्या कोणत्याही मुलाशेजारी खाली बसा, त्याची वही त्यालाच उघडायला सांगा आणि कुठे अडलं ते विचारा. तो सांगू लागला तर बाईंची नोंद पाहायची गरज नाही, आणि गप्प राहिला तर ती पाहून उपयोग नाही. पालकांनीही निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी एवढंच करावं.